स्पष्ट चित्र आणि उघडे दार

मनुष्याच्या हाती असलेल्या कोणत्याही साधनात सुधारणा झाली की तिच्याबरोबर दोन प्रश्न जन्मास येतात. पहिला प्रश्न कारागिराचा: हे साधन पूर्वीपेक्षा चांगले काम करते काय? दुसरा प्रश्न नीतिविचारकाचा: ते आता कोणाच्या हाती राहिले? पहिल्याचे उत्तर मोजमापाने देता येते, म्हणून त्याची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याचे तसे देता येत नाही, म्हणून तो बहुधा विचारलाच जात नाही. अमरावती, अकोला ह्यांसारख्या आमच्या वऱ्हाडी शहरांतून केबलच्या तारेवर ज्या स्थानिक वाहिन्या चालतात, त्यांचे चित्र ‘हाय डेफिनिशन’, म्हणजे उच्च प्रतीच्या स्पष्टतेचे, करावे की नाही, हा प्रश्न सकृद्दर्शनी कारागिराचाच दिसतो. परंतु त्याच्या पोटात नीतीचा एक जुनाच प्रश्न नव्या वेषाने बसलेला आहे. तो बाहेर काढून वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या वाहिन्यांचे स्वरूप विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. अकोल्यास श्रावणात पूर्णेचे पाणी घेऊन राजेश्वराकडे जाणाऱ्या कावडी, अमरावतीस अंबादेवीचे नवरात्र, महानगरपालिकेच्या सभेतील खडाजंगी, शाळेचे स्नेहसंमेलन, नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार ह्याची सूचना, आणि मधूनमधून साड्यांच्या दुकानाची व शिकवणीवर्गाची जाहिरात, असा त्यांचा एकंदर प्रपंच असतो. देशव्यापी वाहिनी ज्या घटनेकडे ढुंकूनही पाहणार नाही, ती येथे अर्धा तास चालते. कारण ती आपल्या गावाची असते. परंतु चित्राची दशा काय? मोठ्या वाहिनीवर क्रिकेटच्या मैदानातील गवताची पाती मोजून घ्यावीत, आणि तेथून स्थानिक वाहिनीवर यावे तो आपल्याच महापौरांची ओळख पटण्यास त्यांच्या आवाजाची मदत लागावी, हा अनुभव अनेकांचा आहे.

ही दशा समजून घेण्यास थोडे मागे जावयास हवे. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला, तो घरोघरच्या करमणुकीसाठी नव्हे, तर मंडळ जमवून एकत्र पाहण्याच्या संचांनी. पुढे १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यातील पीज येथे एक लहानसा प्रक्षेपक उभारून गावकऱ्यांच्या प्रश्नांवर, गावकऱ्यांनाच पात्रे करून कार्यक्रम करण्यात आले. त्या उद्योगास १९८४ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. चित्र कृष्णधवल, साधने तोकडी. तरी ज्यांच्याविषयी कार्यक्रम, त्यांचाच त्यात हात, ही त्याची थोरवी होती. पुढे तो प्रक्षेपकही बंद झाला.

आमच्या शहरांतील स्थानिक वाहिनीचा जन्म असा कोणत्याही योजनेतून झालेला नाही. १९९० नंतरच्या दशकात गल्लोगल्लीच्या केबलवाल्याने आपल्या दुकानातील व्हिडिओ यंत्र तारेस जोडले आणि वाहिनी सुरू झाली. चित्र गढूळ असे, आवाज घोगरा असे. परंतु दुकानाचे दार उघडे होते. लग्नाचे चित्रण करणारा तरुण गणपतीच्या मिरवणुकीची फीत घेऊन तेथे जाई आणि संध्याकाळी सारा मोहल्ला ती पाही. नंतर सुधारणा आली. २०११ च्या कायद्याने केबलचे अंकीकरण सक्तीचे झाले. ते टप्प्याटप्प्याने व्हावयाचे होते. अमरावती-अकोल्यासारख्या शहरांकरिता ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती आणि ती पुढे लांबत गेली. घरोघर सेट-टॉप बॉक्स बसले, चित्र सुधारले, वाहिन्यांची संख्या वाढली. परंतु सर्व वाहिन्या एकत्र बांधून, कुलूपबंद करून तारेत सोडण्याचे काम आता मुख्य जाळ्याच्या चालकाकडे गेले. गल्लीतील दुकानातून हवी ती फीत तारेत सोडण्याची सोय संपली. चित्र स्वच्छ झाले आणि दार एक मुक्काम दूर सरकले, ही गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत एकदा घडून गेली आहे. म्हणून दुसऱ्या सुधारणेच्या वेळी थोडे सावध असणे हे प्रगतीचे वैर नव्हे.

कायद्याची स्थितीही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर शिक्षणसंस्थांना २००२ पासून आणि सेवाभावी संस्थांना २००६ पासून सामुदायिक नभोवाणीची परवानगी मिळू लागली; सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे केंद्र त्याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण होय. दूरचित्रवाणीच्या बाबतीत मात्र समाजाच्या मालकीची वाहिनी अशी वस्तू आपल्या कायद्यास ठाऊकच नाही. स्थानिक वाहिनी ही जाळ्याच्या चालकाने आपल्या ग्राहकांस पुरविलेली एक सेवा समजली जाते. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनी अशा वाहिन्यांची संख्या चालकाच्या एकंदर क्षमतेच्या शेकडा ५ इतकी मर्यादित केली, दर वाहिनीमागे १००० रुपये नोंदणीशुल्क ठेवले, आणि स्थानिक बातम्या देणाऱ्याने कंपनी म्हणून नोंदलेले असावे असा दंडक घातला. शुल्क अल्प आहे आणि नियमांमागे जबाबदारी निश्चित करण्याचा हेतू आहे, हे मान्य. तथापि ज्यास नागरिकाचा हक्क म्हणावे असे ह्यात काही नाही. जे आहे ते चालकाच्या मर्जीने आहे.

अमेरिकेत ह्या प्रश्नाचा विचार निराळ्या बाजूने झाला. तेथे केबलच्या तारा नगराच्या रस्त्यांखालून वा खांबांवरून जातात, म्हणून नगराने कंपनीकडून मोबदला मागावा, आणि त्या मोबदल्याचा एक भाग म्हणजे नागरिकांसाठी राखून ठेवलेली वाहिनी असावी, असा विचार रूढ झाला. १९७२ साली तेथील दळणवळण आयोगाने तसे नियम केले. १९७९ साली त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. आणि १९८४ च्या कायद्याने, सक्ती न करता, नगरांना आपल्या करारात अशी मागणी करण्याचा अधिकार दिला. ह्या वाहिन्यांवर कोणीही नागरिक आपला कार्यक्रम घेऊन जाऊ शकतो. गंमत अशी की, उच्च स्पष्टतेचा प्रश्न आला तेव्हा तेथील अनेक केंद्रांची तक्रार अगदी साधी होती: आम्ही चित्र स्पष्ट तयार करतो, पण कंपनी ते जुन्या प्रतीने वाहून नेते. ह्या तक्रारीकडे आपण पुढे परत येणारच आहोत.

आता स्पष्टता म्हणजे नेमके काय, हे मोजून पाहू. आपल्याकडील जुन्या प्रतीच्या अंकीय चित्रात ५७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ७२० बिंदू असतात; गुणाकार ४,१४,७२०. पूर्ण उच्च स्पष्टतेच्या चित्रात १०८० ओळी आणि प्रत्येकीत १९२० बिंदू असतात, गुणाकार २०,७३,६००. म्हणजे बरोबर पाचपट. कार्यालयातील एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात हे चित्र अखंड स्वरूपात नेताना जुन्या प्रतीस सेकंदाला २७ कोटी अंकचिन्हे पुरतात, तर नव्या प्रतीस सुमारे १४८ कोटी लागतात. घरी पाठविताना ते आवळून लहान करतात, आणि आवळण्याची कलाही दिवसेंदिवस सुधारत आहे. तरीही ओझे वाढतेच. शिवाय ही एक साखळी आहे. कॅमेरा, जुळणीचे यंत्र, वाहिनीच्या कार्यालयापासून मुख्य केंद्रापर्यंतची तार, तेथील आवळणारे यंत्र, घरचा बॉक्स आणि शेवटी घरचा संच, ह्यांपैकी एक जरी कडी जुनी राहिली, तरी बाकीच्यांवरील खर्च वाया जातो.

एवढे सारे कशासाठी, असे विचारणारा एक पक्ष आहे आणि तो आदरणीय आहे. तो म्हणतो की, सांगणाऱ्याजवळ सांगण्याजोगे काही असले की साधनाचा थाट दुय्यम ठरतो. ह्या पक्षास वऱ्हाडात साक्षीदार पुष्कळ मिळतील. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांजवळ खराटा आणि गाडगे ह्यांपलीकडे साधन ते कोणते होते? त्यांच्या कीर्तनाचे जे ध्वनिमुद्रण आज ऐकावयास मिळते, त्यात खरखर आहे. पण समोरच्या जनसमुदायास प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढण्याची त्यांची रीत त्या खरखरीतूनही अंगावर येते. ज्यांचे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण अकोल्यास झाले, त्या आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, तेव्हा त्याचा कागद कोणत्या प्रतीचा आहे ह्यावरून कोणी त्यांच्याशी वाद घातला नाही. विचारात तेज असेल तर कागद पिवळा असून चालतो, असा हा पक्ष आहे.

हा पक्ष खरा आहे. पण अर्धाच खरा आहे. आपल्या नैयायिकांनी ज्ञानाच्या साधनांत प्रत्यक्ष आणि शब्द असा भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. गाडगे महाराजांचे सामर्थ्य शब्दात होते. शब्द अंधारातही ऐकू येतो. परंतु ज्या गोष्टीचे ज्ञान शब्दाने होतच नाही, जी पाहावीच लागते, तेथे धूसर चित्र म्हणजे अपुरे सत्य होय. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली आणि शेतकऱ्यांचे फार मोठे नुकसान झाले. ह्या अळीची पहिली खूण म्हणजे डोमकळी. पाकळ्या आतून जाळ्याने गुंतल्यामुळे फूल नीट उमलत नाही आणि मिटल्यासारखे राहते. निरोगी फूल आणि डोमकळी ह्यांतील फरक शेतकऱ्यास वेळेवर दिसला तर उपाय आहे. बोंड फोडल्यावर दिसला तर पश्चात्ताप आहे. अकोल्याच्या कृषि विद्यापीठातील एखाद्या तज्ज्ञाने हा फरक स्थानिक वाहिनीवर दाखवावयाचे ठरविले आणि पडद्यावर पिवळसर डाग तेवढा दिसला, तर त्याने शिकविले काय? त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावरील चौकटीचा रंग आणि बारीक अक्षरे दाखवावयाची झाली तर तेथेही तीच गोष्ट. मूकबधिरांसाठी हातांच्या खुणांनी बातम्या सांगावयाच्या असतील, तर बोटांची हालचाल स्पष्ट दिसणे हाच तेथील शब्द आहे. अशा ठिकाणी स्पष्टतेला चैन म्हणणे हे डोळसाचे बेफिकीर बोलणे होय.

ह्याहून सूक्ष्म अशी दुसरी एक गोष्ट आहे. मनुष्य आपणास जसा दाखविला जातो, तसा हळूहळू स्वतःस समजू लागतो. मुंबईची इमारत लखलखीत दिसते आणि आपला जयस्तंभ चौक धुक्यातल्यासारखा दिसतो. परदेशातील खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसतो आणि आपल्या जिल्ह्यातील कुस्तीगिराचा चेहरा दिसत नाही. रोज हे पाहणाऱ्या मुलाच्या मनावर कोणीही न शिकविता एक धडा उमटतो, तो असा की, खरे जग तिकडे आहे आणि आपण त्याची पुसट नक्कल आहोत. मेळघाटातील धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाची गोष्ट तर ह्याहून बिकट. त्याची भाषा मोठ्या वाहिन्यांवर ऐकूच येत नाही. उद्या एखाद्या स्थानिक वाहिनीवर ती ऐकू आली, आणि तीही सर्वांत गढूळ चित्राबरोबर, तर त्यास आपण काय मानाने वागविले? पंगतीत सर्वांस ताटे मांडून एकालाच फुटके ताट द्यावे, अन्न तेच असले तरी, तसा हा प्रकार होईल.

मग खर्च करून सर्व काही नवे करावे हेच उत्तर नव्हे काय? येथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे. स्पष्टतेचा मान वाढला की मानाबरोबर मानपानही वाढते. कॅमेरा अमुक प्रतीचा हवा, दिवे अमुक हवेत, जुळणी अमुक यंत्रावर हवी, असे नियम होतात. नियमांमागून खर्च येतो. खर्चामागून खर्च करणारा येतो. आणि खर्च करणाऱ्याच्या मागे त्याची मर्जी येते. आज ज्या वाहिनीवर पाण्याची टाकी का फुटली हे विचारता येते, त्या वाहिनीची यंत्रे उद्या टाकी बांधणाऱ्याच्या पैशाने आली, तर टाकी अत्यंत स्पष्ट दिसेल. तिची भेग मात्र दिसणार नाही. शिवाय गरीब वस्तीतील मुलगी आपले चित्रण घेऊन आली आणि ‘तुमच्या चित्राची प्रत आमच्या योग्यतेची नाही’ असे तिला सांगण्यात आले, तर ती वाहिनी लोकांची उरली काय? उंबरठा संगमरवरी केला आणि इतका उंच केला की म्हातारीस ओलांडता येईना, तर घर सुंदर झाले असे म्हणावे, की ओसाड झाले असे म्हणावे?

दोन्ही पक्षांत सत्य आहे आणि दोहोंचा मेळ बसत नाही, असे वाटते. परंतु साखळीच्या कड्या एकेक करून पाहिल्या तर गाठ सुटते. आज चित्र घेण्याचे साधन कोणाच्या हाती आहे? खिशातल्या साध्या मोबाइलमध्ये आज १०८० ओळींचे चित्र घेता येते. म्हणजे साखळीची पहिली कडी, जी एकेकाळी सर्वांत महाग होती, ती शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती आधीच येऊन पोहोचली आहे. शेवटची कडी, घरचा संच, तोही पुष्कळ घरांत नवा आहे. चित्र मळते ते मध्ये, वाहून नेण्यात. दर्यापूरच्या शेतात स्पष्ट घेतलेली डोमकळी घराच्या पडद्यावर डाग होऊन उतरते, ती शेतकऱ्याच्या दारिद्र्यामुळे नव्हे, तर वाहणाऱ्याने तिला मागल्या डब्यात बसविल्यामुळे. अमेरिकेतील केंद्रांची जी तक्रार वर सांगितली, तिचे मर्म हेच आहे.

आणि येथेच नीतीचा प्रश्न स्वच्छ होतो. धूसरपणाची दोन कारणे असू शकतात. एक, देणाऱ्याची गरिबी. दुसरे, वाहणाऱ्याची निवड. पहिल्या कारणाने चित्र धूसर असेल तर त्यात लाज नाही, आणि ते नाकारण्याचा अधिकार कोणास नाही. दुसऱ्या कारणाने असेल तर तो पंक्तिभेद आहे आणि तो सहन करण्याचे कारण नाही. टपालखाते श्रीमंताचे पत्र कोरडे आणि गरिबाचे भिजवून देत नाही. पत्रातील अक्षर वेडेवाकडे आहे म्हणून ते परतही करीत नाही. वाहकाचा धर्म असाच असावयास पाहिजे. स्वीकारताना औदार्य आणि वाहताना समता, एवढ्या चार शब्दांत तो सांगता येईल. लोकांकडून मागावयाचे ते सत्य आणि ऐकू येण्याजोगा आवाज; जाळ्याच्या चालकाकडून मागावयाची ती इतर वाहिन्यांच्या बरोबरीची वाट.

कोणी म्हणेल की, मोबाइल आहे, महाजाल आहे, ज्यास हवे तो आपले चित्र जगास दाखवू शकतो. मग ह्या जुन्या तारेसाठी इतका काथ्याकूट कशाला? ह्यास उत्तर असे की, खिडकी आणि चौक ह्यांत फरक आहे. महाजालावर प्रत्येकास आपली खिडकी मिळते, आणि तीतून कोणास काय दिसावे हे दूरदेशीची कंपनी प्रत्येकाची आवड हेरून ठरविते. स्थानिक वाहिनी हा चौक आहे. तेथे सराफ्यातील शेटजी आणि झोपडपट्टीतील धुणेवाली एकाच वेळी एकच सभा पाहतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर बोलतात. आपल्या शहरापुरते तरी एक सामाईक ज्ञान असणे ही स्वराज्याची पहिली गरज आहे. तिच्यासाठी चौक झाडून स्वच्छ ठेवणे, हे गाडगे महाराजांच्या प्रांतात तरी कोणास पटवून देण्याची गरज पडू नये.

व्यवहारात ह्याचा अर्थ काय? एकदम सारे नवे करण्याचा हट्ट नको. प्रथम आवाज सुधारावा. तो सर्वांत स्वस्त आहे आणि त्यावाचून स्पष्ट चित्रही मुके आहे. नंतर वाहिनीच्या कार्यालयापासून मुख्य केंद्रापर्यंतची वाट रुंद करावी, कारण मळ तेथे बसतो. महानगरपालिका रस्ते खोदण्याची परवानगी देताना चालकांकडून शुल्क घेते. तिने त्याबरोबर एक वाहिनी नागरिकांसाठी, आणि तीही इतरांच्या बरोबरीच्या प्रतीने, मागण्याचा विचार करावा. अमरावतीचे विद्यापीठ आणि अकोल्याचे कृषि विद्यापीठ ह्यांनी आपल्या ज्ञानाचा जो भाग पाहावा लागतो, तो तयार करून द्यावा. यंत्रांसाठी पैसा कोणाचाही घ्यावा. परंतु काय दाखवावे हे पैसा देणाऱ्याने ठरवू नये, असा नियम आधी लिहून मग पैसा घ्यावा. आणि वाहिनीच्या दारावर प्रतीची अट कधीही लावू नये.

सुधारणा झाल्यावर तिची परीक्षा कशी करावी, हेही ठरवून ठेवणे बरे. कारागीर पडद्याजवळ जाऊन ओळी मोजील. त्यास मोजू द्यावे. आपण नागरिकांनी दुसरी मोजणी करावी. गेल्या वर्षी ह्या वाहिनीवर किती निरनिराळ्या वस्त्यांतील, किती निरनिराळ्या जातींची, किती निरनिराळ्या बोली बोलणारी माणसे स्वतःच्या तोंडाने बोलली, आणि यंदा किती बोलली? पहिला आकडा पाचपट वाढला आणि दुसरा घटला, तर आपण महाग आरसा विकत घेतला आणि त्यात पाहणारे घराबाहेर घालविले असे होईल. दोन्ही वाढले, तरच ती सुधारणा ह्या नावास पात्र आहे.